तारा बदलल्यावर बेस खरखरायला लागला, तर पाना कुठे लावायचा?

हिंगणा रोडवर इंजिनीअरिंगला असलेल्या एका मुलाचा प्रश्न आहे. एप्रिलमध्ये त्याने सेकंड-हँड चार तारांचा बेस, म्हणजे बेस गिटार, घेतला. वाजायला ठीक होता, पण जुन्या तारा जाड होत्या, बोटं दुखायची. म्हणून जूनमध्ये त्याने 40-95 चा हलका सेट लावला (हे आकडे सगळ्यात बारीक आणि सगळ्यात जाड तारेची जाडी, इंचाच्या हजाराव्या भागात). तेव्हापासून त्याच्याच शब्दांत, "काका, पहिल्या चार-पाच फ्रेटवर तार नुसती खरखर करून राहिली." (फ्रेट म्हणजे बेसच्या मानेवरच्या आडव्या धातूच्या पट्ट्या.) दुकानात दाखवल्यावर तिथे ब्रिजवरचे सॅडल, म्हणजे बॉडीकडच्या टोकाला तारा ज्यांवर टेकतात ते तुकडे, उचलून दिले. खरखर थोडी कमी झाली, पण आता बोटं आधीपेक्षा जास्त दुखतात आणि बाराव्या फ्रेटच्या वर सगळं बेसूर लागतं. सगळ्यात जाड ई तार तर पहिल्या दिवसापासून मेल्यासारखी वाजते. तारा खराब निघाल्या का, नेक गेली का, मुंबईला पाठवावा लागेल का, गणपतीत कॉलेजचा कार्यक्रम आहे तोवर होईल का आणि दिवाळीत घरी जाताना तारा सैल करून ठेवायच्या का, असे त्याचे प्रश्न.

बाळा, तुझा बेस कुठेही पाठवू नकोस. तू लिहिलंस त्यावरून नेक गेलेली नाही, तारांचा सेटही बहुतेक चांगलाच आहे. खरखर, दुखणारी बोटं आणि वरचा बेसूरपणा या तीन तक्रारी एकाच कारणातून निघाल्या आहेत. ई तारेचं दुखणं तेवढं वेगळं आहे, ते तार कापताना झालं असणार. त्याकडे पुढे येतो.

बेसची नेक म्हणजे दोन्हीकडून ओढून धरलेली लाकडाची पट्टी. 45-105 च्या चार तारा सुरात लावल्या की मिळून ऐंशी किलोच्या आसपास ओढ नेकवर पडते. ती ओढ नेकला पुढे, तारांच्या बाजूला वाकवते. नेकच्या आत बसवलेला लोखंडी ट्रस रॉड तिला मागे खेचून धरतो. या दोघांचा तोल साधला की नेकला अगदी किंचित पुढचा बाक राहतो. तेवढा बाक हवाच, कारण तार छेडल्यावर ती मध्यभागी सगळ्यात जास्त हलते आणि त्या हलण्याला जागा लागते.

तू 40-95 लावलास तेव्हा तारांची ओढ साधारण पंधरा ते वीस टक्क्यांनी कमी झाली. म्हणजे नेकवरचं दहा-पंधरा किलोचं ओझं एका दुपारीत उतरलं. रॉड मात्र तेवढाच घट्ट राहिला. मग रॉडने नेक सरळ केली, कदाचित मागेही झुकवली. बाक गेला की नटजवळच्या (नट म्हणजे डोक्याकडच्या टोकाची खाचांची पट्टी) फ्रेटवर दाबलेली तार पुढच्या फ्रेटना घासते. तुझी खरखर हीच.

आता सॅडल उचलून ती का गेली नाही ते बघ. सॅडल एक मिलिमीटर उचललं तर बाराव्या फ्रेटवर तार अर्धा मिलिमीटर वर येते, पण पहिल्या फ्रेटवर जेमतेम 0.05 मिलिमीटर. दुखणं नटच्या टोकाला आणि औषध ब्रिजच्या टोकाला, असं झालं. खरखर थोडी तरी दबावी म्हणून सॅडल भरपूर उचलावे लागले, तार वरच्या फ्रेटपासून फार लांब गेली. लांबून दाबलेली तार जास्त ताणली जाते, जास्त ताणली की सूर चढतो. बाराव्याच्या वर तुला जे बेसूर लागतं ते यामुळे.

यात आपल्या गावच्या हवेचाही हात आहे. एप्रिल-मेमध्ये नागपूरची हवा इतकी कोरडी की ओला टॉवेल अर्ध्या तासात कडक होतो. जूनच्या मध्यानंतर पाऊस लागला की त्याच खोलीत बिस्किटं मऊ पडतात. लाकूड हवेतलं पाणी पितं आणि सोडतं. नेकचं मेपल आणि फिंगरबोर्डचं रोझवूड ते सारख्या प्रमाणात करत नाहीत, म्हणून नेक हलते. तबलजींना हे सांगावं लागत नाही. पावसाळ्यात पुडी उतरते, उन्हाळ्यात चढते आणि ते हातोडी सोबत ठेवतात. गिटारवाले मात्र एकदा सेट केलेलं वाद्य वर्षभर तसंच राहील असं धरून चालतात. माझ्याकडे येणाऱ्या बेसपैकी निम्मे तरी दोनच वेळी येतात: कूलर लागल्यावर आणि पाऊस बसल्यावर. पावसाळ्यात एका बेसची नेक पुढे येते तर दुसऱ्याची मागे जाते, लाकडावर आणि बांधणीवर ते ठरतं. तू एक वही कर. मे महिन्यात किती बाक होता, ऑगस्टमध्ये किती, हे आकडे लिहून ठेव. दोन वर्षांत तुझ्या बेसचा स्वभाव तुला कळेल.

वहीचा आग्रह मी का धरतो ते सांगतो. बावीस-तेवीस वर्षांचा असताना मी एका ऑर्केस्ट्रात नवा लागलो होतो. बेस मालकांचा होता. तारा उंच वाटल्या म्हणून दुपारी लग्नाच्या मांडवामागे बसून मी रॉडला एलन की (षटकोनी पाना) लावली आणि न मोजता, तारा सैल न करता, सलग एक पूर्ण फेरा दिला. की इंचाची हवी होती, मी मिलिमीटरची लावली होती. ती फिरली, कट्ट असा आवाज आला आणि पुढे नुसती गरगर फिरायला लागली. रॉडच्या नटचे आतले सहाही कोपरे गोल झाले होते. संध्याकाळी तोच बेस तसाच वाजवला. मालक मला रागावले नाहीत, पण पुढचे आठ महिने त्या वाद्याला योग्य कारागीर मिळाला नाही आणि ते त्यांच्या घरी भिंतीला टेकून होतं. त्यांच्याकडे रिहर्सलला गेलो की मला ते दिसायचं. त्यानंतर आजवर मी मोजल्याशिवाय रॉडला हात लावलेला नाही.

आता काम. पहिल्यांदा ठरव, तुला कोणत्या जाडीच्या तारा ठेवायच्या आहेत. बोटं दुखत होती ती तारांच्या जाडीमुळे की आधीच उंच असलेल्या अ‍ॅक्शनमुळे (फ्रेटपासून तारांच्या उंचीमुळे), हे तुला अजून माहीत नाही. माझं मत विचारशील तर 34 इंची (नट ते सॅडल तारेची लांबी) बेसवर 45-105 किंवा 45-100 ठेव. ई तार 41.2 हर्ट्झवर बोलते, एवढ्या खर्जात तिला अंग लागतं. हलकी ई तार जोरात छेडली की सूर आधी वर जातो आणि मग खाली येऊन बसतो. नीट सेट केलेल्या बेसवर 45 चा सेट बोटांना त्रास देत नाही. पण दोन-अडीच हजारांचा सेट नुकताच लावला आहेस, तर तो फेकू नकोस. याच तारांवर सेटअप कर, चार महिने वाजव, मग बघ. फक्त एकदा जाडी ठरवलीस की दर वेळी तीच लाव. जाडी बदलली की सेटअप पहिल्यापासून करावा लागतो.

ई तार मात्र बदलावी लागेल असं वाटतं. ती का मेली असेल ते तुला तार लावण्याची रीत सांगताना कळेल.

जुनी तार काढताना आधी खुंटी फिरवून पूर्ण सैल कर, मगच कटर लाव. ताणलेली बेसची तार कापली तर ती चाबकासारखी उसळते, डोळ्याला लागू शकते. काढलेली तार गोल गुंडाळून कागदात बांधून टाक, सुटी टाकलीस तर कचरागाडीवाल्याच्या हातात तिचं टोक घुसतं. साधारणपणे एक तार काढावी आणि तिच्या जागी नवी लावून सुरात आणावी, मग पुढची घ्यावी. नेकवरची ओढ टिकून राहते. फिंगरबोर्ड पुसायचा असेल तर चारही काढल्यास अर्ध्या तासात काही बिघडत नाही. रोझवूड असेल तर कोरड्या ब्रशने फ्रेटच्या कडेची घाण काढ आणि गिटारसाठी मिळणाऱ्या लेमन ऑइलचे दोन-चार थेंब कापडावर घेऊन पूस. लेमन ऑइल म्हणजे लिंबाचा रस नव्हे. हे लिहितोय कारण मी लिंबू चोळलेला फिंगरबोर्ड पाहिला आहे, आणि खोबरेल लावलेलाही. खोबरेल काही दिवसांनी खवट होतं, चिकट होतं आणि सगळी धूळ धरतं. लॅकर केलेल्या मेपलच्या फिंगरबोर्डला तर तेल अजिबात नको, ओलसर कापड पुरे.

नवी तार ब्रिजमधून ओवून सॅडलवर, नटच्या खाचेत आणि सरळ तिच्या खुंटीपर्यंत आण. खुंटीच्या पुढे साधारण चार ते पाच इंच तार मोजून तिथे बोटाने खूण धर. आता घाई करू नकोस. बेसच्या तारेत मध्ये एक बारीक पोलादी गाभा असतो आणि त्याभोवती जाड वेष्टन गुंडाळलेलं असतं. तार सरळ असतानाच कापलीस तर कापलेल्या टोकाला वेष्टनाची पकड सुटते. डोळ्याला दिसत नाही, पण गाभा आत मोकळा होतो, वेष्टन त्याच्यावर सैल बसतं आणि तार बोलायची थांबते. म्हणून खुणेवर आधी पक्कडीने काटकोनात वाकव, वाकलेल्या जागेपुढे एक-दीड सेंटिमीटर ठेवून मग काप. तो वाकवलेला कोपरा वेष्टन धरून ठेवतो. तुझ्या ई तारेचं टोक बघ. ते सरळ कापलेलं असेल तर उत्तर मिळालं.

वाकवलेलं टोक खुंटीच्या मधल्या भोकात सरळ खाली घाल, खाचेतून तार बाहेर काढ आणि खुंटी फिरवताना प्रत्येक वेढा आधीच्या वेढ्याच्या खाली बसू दे. दोन ते तीन वेढे पुरतात. वेढे खाली उतरले की तार नटवर तिरकी दाबून बसते. ए तारेला बऱ्याच बेसवर वरून दाबणारी पट्टी नसते, म्हणून तिला एखादा वेढा जास्त दे, नाहीतर मोकळी ए नटवर किणकिणते. तार गुंडाळताना दुसऱ्या हातात सैल धरून तिला तिच्या मनाने फिरू दे. आत पीळ अडकला तरी तार मरते. तसा संशय आला तर तार सैल कर, ब्रिजकडचं गोळीचं टोक मोकळं करून पीळ सुटू दे आणि परत लाव. आणि शेवटी खुंटीकडचा रेशमी धागा गुंडाळलेला भाग नटच्या पलीकडे असायला हवा. धागा नटवर आला असेल तर तार तुझ्या बेसला लांबीने आखूड आहे.

आता एक गोष्ट जी बहुतेक जण करत नाहीत. नवी जाड तार सॅडलवरून आणि नटवरून कमानीसारखी गोल वळून जाते. अंगठ्याने सॅडलच्या लगेच पुढे आणि नटच्या लगेच पुढे तार हळूच खाली दाब, म्हणजे तिथे ती ठाम कोन धरेल. मी हे ई तारेवर करतो तेव्हा दर वेळी ऐकतो: दाबण्याआधी तार गुळगुळीत घुमते, दाबल्यावर आवाजाला कड येते आणि सूरही थोडा उतरतो. मग बाराव्या फ्रेटजवळ तार हलकेच वर ओढून ताण, परत सुरात लाव, असं चार-पाच वेळा. सूर उतरायचा थांबला की तार बसली.

यानंतर नेकचा बाक. वाद्य वाजवायच्या स्थितीत मांडीवर धर, टेबलावर आडवं ठेवून मोजू नकोस, नेक स्वतःच्या वजनानेही फसवते. चारही तारा सुरात असल्या पाहिजेत. पहिल्या फ्रेटवर कॅपो (तारा दाबून धरणारा चिमटा) लाव, दुसऱ्या हाताने ई तार शेवटच्या फ्रेटवर दाब. आता तार म्हणजे तुझी सरळ पट्टी झाली. आठव्या फ्रेटचा माथा आणि तारेचा खालचा भाग यांत किती फट आहे ते बघ. साधारण 0.3 मिलिमीटर हवी. त्यासाठी फीलर गेज (ठराविक जाडीच्या पातळ पट्ट्या) घे. मोटरसायकलचे टॅपेट सेट करायला मेकॅनिक वापरतात तेच, इतवारीत लोहाओळीत मिळून जाईल. तोवर झेरॉक्सचे साधे तीन कागद एकावर एक ठेव, त्यांची जाडी 0.3 च्या आसपास भरते. कागद अलगद जायला हवेत, तार उचलून नव्हे.

माझा अंदाज आहे की तुझ्या बेसवर एक कागदही जाणार नाही. तसं असेल तर रॉड सैल करायचा. हेडस्टॉकवरचं (नेकच्या डोक्यावरचं) झाकण काढ, आत रॉड फिरवायचा नट दिसेल. काही बेसवर तो नेकच्या बॉडीकडच्या टोकाला असतो. नेमकी बसणारी की घे. मिलिमीटर आणि इंच यांत फरक थोडा असतो, पण मी तो भोगला आहे. की आत पूर्ण बसली का आणि हलते का ते बघ. हलत असेल तर ती तुझी की नाही.

दिशा अशी: रॉडच्या नटकडे तोंड करून घड्याळाच्या दिशेने फिरवलं तर रॉड घट्ट होतो आणि नेक सरळ होते, उलट फिरवलं तर रॉड सैल होतो आणि बाक वाढतो. तुला उलट फिरवायचं आहे, एका वेळी पाव फेरा. मग तारा परत सुरात आण, दहा मिनिटं थांब, परत मोज. अजून कमी असेल तर आणखी पाव फेरा आणि त्या दिवशी तिथेच थांब. रात्रभर लाकूड सरकत राहतं, सकाळचा आकडा खरा. पुढे कधी घट्ट करायची वेळ आली तर आधी तारा थोड्या सैल कर आणि हाताने नेकला किंचित मागे आधार दे, म्हणजे सगळं बळ रॉडच्या नटवर येत नाही. रॉड सैल करता करता नट मोकळा फिरू लागला आणि तरी बाक आला नाही, तर थांब. एकाच दिशेने काम करणारा रॉड याहून पुढे काही करू शकत नाही. त्या वेळी 45-105 परत लावणं हाच उपाय, तारांची ओढ नेकला पुढे आणेल.

रॉडने अ‍ॅक्शन खाली-वर करायची नसते. रॉड फक्त बाकासाठी. हा फरक डोक्यात पक्का बसला की सेटअपचं निम्मं काम समजलं.

बाक 0.3 वर आला की सॅडल खाली आण, दुकानात उचललेले. सतराव्या फ्रेटवर तारेचा तळ ते फ्रेटचा माथा मोज: ई तारेला 2.4 मिलिमीटर आणि सगळ्यात बारीक जी (G) तारेला 2 मिलिमीटर ही चांगली सुरुवात आहे. ए आणि डी त्यांच्या मधे, फिंगरबोर्डच्या गोलाईनुसार. तुझा हात जड असेल तर थोडं वर, हलका असेल तर थोडं खाली. प्रत्येक सॅडलला दोन बारीक स्क्रू असतात, दोन्ही सारखे फिरव, सॅडल तिरकं राहिलं तर वाजवताना हलतं आणि त्याचीही खरखर येते.

मग पहिल्या फ्रेटपासून शेवटपर्यंत एकेक सूर वाजवून ऐक. पहिल्या पाच फ्रेटमध्येच खरखर असेल तर बाक अजून कमी आहे. बाराव्याच्या वरच असेल तर अ‍ॅक्शन फार खाली गेली किंवा बाक जास्त झाला. एकाच फ्रेटवर असेल तर त्याच्या पुढचा फ्रेट उचललेला आहे, ते कारागिराचं काम. फक्त मोकळी तार खरखरत असेल तर नटची खाच खोल गेली आहे, तेही कारागिराकडेच दे. आणि हे सगळं अ‍ॅम्प लावून ऐक. जी किरकोळ खरखर हातात ऐकू येते पण स्पीकरमधून येत नाही, तिच्या मागे लागू नकोस. तंबोऱ्यात आपण जवारीसाठी सूत सरकवून मुद्दाम झणकार आणतो. बेसमध्ये तसा झणकार नको, पण राउंडवाउंड (गोल वेष्टनाच्या) तारेचा आणि पोलादी फ्रेटचा थोडा खणखणाट हा या वाद्याच्या आवाजाचाच भाग आहे.

आता बेसूरपणा. याला इंटोनेशन म्हणतात आणि हे शेवटी करायचं, कारण बाक किंवा अ‍ॅक्शन बदलली की हे बदलतं. तार मोकळी सुरात लाव. बाराव्या फ्रेटच्या बरोबर वर बोट नुसतं टेकवून हार्मोनिक वाजव, मग त्याच फ्रेटवर नेहमीसारखं दाबून वाजव. दोन्ही सूर एकच हवेत. दाबलेला सूर चढा असेल तर तार आखूड पडते आहे, सॅडल मागे ने. उतरलेला असेल तर सॅडल पुढे आण. सॅडल सरकवण्याआधी तार सैल कर, नाहीतर ती सॅडलवर घासते आणि स्क्रूचे आटे जातात. दर वेळी परत सुरात लाव आणि परत बघ. शेवटी सगळे सॅडल एका तिरक्या रेषेत उभे राहतील, जी तारेचं सगळ्यात पुढे आणि ई तारेचं सगळ्यात मागे. 34 इंची बेसवर नटपासून बाराव्या फ्रेटपर्यंत 431.8 मिलिमीटर भरतात. जी तारेचं सॅडल बाराव्यापासून तेवढ्याच अंतरावर ठेवून सुरुवात केलीस तर काम लवकर होतं. दाबताना नेहमी वाजवतोस तेवढ्याच जोराने दाब. आणि हे जुन्या तारांवर करू नकोस. घामाने ठिकठिकाणी जड झालेली तार स्वतःच बेसूर असते.

हे करताना कूलर बंद ठेव. मोबाइलचा ट्यूनर वापरत असशील तर हे महत्त्वाचं आहे. आपली वीज 50 हर्ट्झची, त्यामुळे कूलरची मोटर 100 हर्ट्झच्या आसपास घुमते आणि तुझी जी (G) तार 98 हर्ट्झवर आहे. एका मे महिन्यात मी अर्धा तास एका जी तारेशी झटलो, काटा स्थिर होईना. घरच्यांनी पाणी भरायला कूलर बंद केला आणि काटा जागेवर आला. शक्यतो हेडस्टॉकला लावायचा क्लिपवाला ट्यूनर किंवा केबल लावायचा ट्यूनर घे. मोबाइलला ई तार नीट ऐकू येत नाही, तिचा बाराव्या फ्रेटचा हार्मोनिक दिला की पकडतो.

पिकअपला (तारांखालच्या, आवाज पकडणाऱ्या चुंबकाला) बहुतेक हात लावावा लागणार नाही. शेवटच्या फ्रेटवर तार दाबून पिकअपपासून दोन ते तीन मिलिमीटर अंतर राहिलं की पुरे, ई कडे जरा जास्त. फार जवळ आणलंस तर चुंबक तारेला ओढतो आणि वरचे सूर डगमगतात.

गणपतीसाठी वेळ भरपूर आहे. सेटअप या आठवड्यात कर, पण नवी ई तार कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी लावू नकोस. तीन-चार दिवस आधी लाव, तोवर ती बसेल. मंडपात हॅलोजनखाली तार तापते आणि सूर उतरतो, एसी सभागृहात उलट सूर चढतो. पोचल्यावर बॅग उघडून वाद्य वीस मिनिटं तिथल्या हवेत राहू दे, मग सुरात लाव. वाजवून झालं की प्रत्येक तार वरून आणि खालूनही कोरड्या सुती कापडाने पूस. आपल्याकडच्या घामात एवढ्या एका सवयीने सेट दीडपट टिकतो असा माझा अनुभव आहे. नियमित कार्यक्रम करणाऱ्याच्या राउंडवाउंड तारा दोन-तीन महिने चमक धरतात, नंतरही वाजतात पण बोथट. फ्लॅटवाउंड (चपट्या वेष्टनाच्या) मात्र वर्षानुवर्षं ठेवतात, जुन्या होतात तशा गोड होतात.

उन्हाळ्यात फ्रेटची टोकं नेकच्या कडेला हाताला टोचायला लागतील. घाबरू नकोस, लाकूड आकसलं आहे, धातू तेवढाच राहिला. लगेच कानशीने घासू नकोस. बॅगेत झाकणाला भोकं पाडलेल्या साबणाच्या डबीत ओलसर स्पंज ठेव, स्पंज लाकडाला लागू देऊ नकोस. पावसाळ्यात स्पंज काढून सिलिका जेलच्या पुड्या टाक. कूलरच्या झोतासमोर बेस उभा करून ठेवणं सगळ्यात वाईट, एका बाजूने ओली हवा, दुसरी बाजू कोरडी.

दिवाळीत तारा सैल करून जाऊ नकोस. रॉड एका बाजूने ओढत राहील आणि समोर ओढणारं कोणी नसेल, महिनाभरात नेक मागे जाईल आणि परत आल्यावर तुला हीच खरखर भेटेल. सुरात ठेव. विमानाने पाठवायचा असता तर अर्धा-एक सूर उतरव म्हटलं असतं. होस्टेलची खोली वरच्या मजल्यावर असेल तर स्लॅबखालच्या माळ्यावर किंवा लोखंडी कपाटात ठेवू नकोस, भिंतीलाही टेकवू नकोस. बॅगेत घालून, चेन लावून, पलंगाखाली आडवा ठेव, खाली एक गोधडी टाक. आणि आज रात्री आठव्या फ्रेटवर मोजून किती फट आली तो आकडा मला कळव. कागद गेलाच नाही तर तसं लिही.